‘फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’ हा इंग्रजी वाक्प्रचार लिखाणात नेमका कुठे बसतो?

खाडीकाठची (रत्नागिरी)

नमस्कार.

आमच्या गावच्या मुंबईतील मंडळाची स्मरणिका दरवर्षी गणेशोत्सवाच्या आधी प्रसिद्ध होते. चाकरमान्यांच्या तिसऱ्या पिढीतील मुले मराठी उत्तम बोलतात, परंतु छापील मराठी वाचायला कंटाळतात. म्हणून यंदाच्या अंकात एक छोटा इंग्रजी विभाग असावा असे ठरले आणि त्यातील मुख्य लेखाचे काम माझ्याकडे आले. लेख गावाच्या दोन जुन्या दुखण्यांविषयी आहे.

पहिले दुखणे खाडीच्या मुखाचे. पावसाळ्यात नदीबरोबर वाहून आलेला गाळ आणि लाटांनी आत लोटलेली वाळू यांचा मुखाशी दांडा तयार होतो. मग भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीचे पाणी बेताचेच चढते तेव्हा, मोठ्या नौकांना आत येता येत नाही. त्या बाहेर नांगर टाकून थांबतात आणि मासळी लहान होड्यांतून किनाऱ्याला आणावी लागते. पावसाळा सरला की गाळ उपसला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात मुख पुन्हा भरते.

दुसरे दुखणे खारबंधाऱ्याचे, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाचे. बांधाला खांड पडली, उघाडीची (बांधातील पाणी सोडायच्या दाराची) झडप मोडली, दुरुस्ती रेंगाळली, खारे पाणी शेतात शिरले आणि भाताच्या खाचरांत कांदळवन उभे राहिले. आज तेथे तिवर आणि चिपी ही कांदळवनातील झाडे माणसाच्या डोक्यावर गेली आहेत. तरीही जुन्या पिढीतील काही खातेदार वर्षानुवर्षे अर्ज करीतच आहेत.

दोन्ही परिच्छेदांच्या शेवटी मी ‘फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’ (शब्दशः, मेलेल्या घोड्याला चाबूक मारणे) हा वाक्प्रचार वापरला आहे. गाळाविषयीचे माझे वाक्य असे आहे: ‘द यर्ली ड्रेजिंग इज लाइक फ्लॉगिंग अ डेड हॉर्स.’ मंडळातील एका जाणकारांच्या मते दोन्ही ठिकाणचा वाक्प्रचार गुळगुळीत असल्याने काढून टाकावा. दुसऱ्यांच्या मते वाक्प्रचार योग्य आहे, फक्त ‘फ्लॉगिंग’ऐवजी ‘बीटिंग’ हवे. माझे प्रश्न असे आहेत. हा वाक्प्रचार ‘व्यर्थ खटाटोप’ या अर्थाने कुठेही चालतो, की त्याला काही मर्यादा आहे? ‘फ्लॉगिंग’ आणि ‘बीटिंग’ यांत बरोबर कोणते? लेखाचा दुसरा भाग पुढे एका शासकीय कार्यालयाला द्यायच्या इंग्रजी निवेदनास जोडायचा आहे, तेथे असा वाक्प्रचार शोभेल का? आणि शेवटचे, इंग्रजीत ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ असे म्हणतात, त्याच धर्तीवर ‘देवगडला आंबे नेणे’ असे इंग्रजीत लिहिले तर चालेल का?

---

निवृत्त मास्तर (दापोली)

आपण वाक्य जसेच्या तसे दिलेत ते बरे केलेत, कारण त्यामुळे अडचण कुठे आहे ते नेमके दाखवता येते. इंग्रजीत व्यर्थ प्रयत्नांसाठी डझनभर वाक्प्रचार आहेत आणि शब्दकोशात त्या सर्वांसमोर थोडाफार सारखाच अर्थ छापलेला असतो. त्यामुळे ते एकमेकांच्या जागी बसतील असा समज होतो. प्रत्यक्षात प्रयत्न व्यर्थ आहे एवढेच सांगून हे वाक्प्रचार थांबत नाहीत. तो का व्यर्थ आहे तेही ते सांगतात, आणि ते कारण प्रत्येकाचे वेगळे असते.

मेलेल्या घोड्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. घोडा एके काळी जिवंत होता आणि गाडी ओढत होता. आता तो मेला आहे, आणि गाडीवान चाबूक ओढतच आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी खटपट चालली आहे ती पूर्वी खरोखर चालू होती, आता तिचा निकाल लागला आहे, आणि खटपट करणाऱ्याला तो निकाल मान्य तरी नाही किंवा कळलेला तरी नाही. एवढे सगळे जुळले तरच हा वाक्प्रचार बसतो. म्हणूनच तो सर्वाधिक वापरला जातो तो वादविवादाच्या संदर्भात. एखाद्या विषयावर निर्णय होऊन गेला, सगळे उठून चालले, आणि एकच सभासद पुन्हा पुन्हा तोच मुद्दा उकरून काढतो, तेव्हा इंग्रज माणूस हे शब्द उच्चारतो.

या कसोटीवर आपला दुसरा परिच्छेद उतरतो. शेत होते, ते गेले, आणि अर्ज चालू आहेत. पहिला परिच्छेद मात्र उतरत नाही. मेलेला घोडा निपचित पडून राहतो, आणि आपली वाळू तर दर पावसाळ्यात नव्या जोमाने परत येते! तेथे प्रयत्नांचे फळ मिळते, पण ते टिकत नाही. अशा कामासाठी ‘सिसिफियन टास्क’ हा शब्दप्रयोग आहे. ग्रीक पुराणातील सिसिफस राजाला पाताळात अशी शिक्षा झाली की त्याने एक प्रचंड धोंडा डोंगराच्या माथ्यावर ढकलत न्यावा, आणि माथा हाताशी आला की धोंड्याने पुन्हा पायथ्याशी गडगडत यावे. होमरच्या ‘ओडिसी’त हे वर्णन आहे. आपल्या खाडीच्या मुखाचे दुखणे घोड्यापेक्षा या धोंड्याच्या जवळचे आहे.

‘फ्लॉगिंग’ आणि ‘बीटिंग’ दोन्ही बरोबर आहेत. पहिले ब्रिटिश वळणाचे, दुसरे अमेरिकन. आपल्या शाळांतून शिकवली जाणारी इंग्रजी ब्रिटिश वळणाची असल्याने ‘फ्लॉगिंग’ ठेवावे आणि सबंध लेखात वळण एकच राहील एवढे पाहावे. एकीकडे ‘कलर’ अमेरिकन स्पेलिंगने आणि दुसरीकडे ‘फ्लॉगिंग’, असे झाले तर चोखंदळ वाचकाला खटकते.

वाक्यरचनेविषयी दोन गोष्टी सांगतो. या क्रियेचा कर्ता माणूस असावा लागतो, किंवा निदान समिती, पक्ष, कार्यालय असा माणसांचा समूह. ‘ड्रेजिंग’ हे काम आहे आणि काम चाबूक उगारत नाही. त्यामुळे ‘दे आर फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’ हे सरळ वाक्य झाले. दुसरे असे की मधला ‘लाइक’ अनावश्यक आहे. वाक्प्रचार स्वतःच रूपक असताना त्याला पुन्हा उपमेचे ठिगळ लावले की त्याची धार जाते. व्याकरणाच्या दृष्टीने ते चूक नव्हे, पण लिहिणाऱ्याचा हात कच्चा वाटतो. घोडा एकवचनीच ठेवावा. खातेदार पन्नास असले तरी घोडा एकच.

इतिहासाची एक गंमत सांगून थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये मतदानाचा हक्क वाढवावा म्हणून जॉन ब्राइट हे संसदपटू वर्षानुवर्षे झटत होते. लोकांना या विषयात रस उरलेला नाही आणि ब्राइट मेलेल्या घोड्याला चाबूक मारीत आहेत, असे त्या काळी म्हटले गेले. या वाक्प्रचाराच्या आजच्या अर्थाच्या सुरुवातीच्या नोंदींत हा प्रसंग सांगितला जातो. पुढे १८६७ मध्ये निवडणूक सुधारणा कायदा मंजूर झाला आणि शहरांतील कामगारांपैकी पुष्कळांना मत मिळाले. घोडा मेला आहे हे ठरवणारा माणूस नेहमीच बरोबर असतो असे नाही.

---

तांडेलाचा नातू (हर्णै)

मास्तरांचे विवेचन भाषेच्या दृष्टीने पटले, परंतु पहिल्या परिच्छेदाबाबत माझी हरकत आणखी मुळातली आहे. गाळ उपसण्याला मेलेला घोडाही म्हणू नये आणि सिसिफसचा धोंडाही म्हणू नये, कारण ते काम व्यर्थ नाहीच.

आमच्या घरात तीन पिढ्या नौका आहेत. मुख उपसलेले असते तेव्हा काय होते ते पाहा. नौका पहाटे परतली तर भांग असो वा उधाण, ती थेट जेटीला लागते, मासळी बर्फातून निघून लगेच लिलावात जाते आणि नौका डिझेल, बर्फ, पाणी भरून संध्याकाळी पुन्हा बाहेर पडू शकते. मुख भरलेले असले की तीच नौका भरतीची वाट पाहत बाहेर डुलत राहते. बर्फ वितळतो, मासळीचा ताजेपणा जातो, लिलावात ती उशिरा पोहोचते आणि भाव पडलेला असतो. होडीतून मासळी उतरवण्याचे हेलपाटे आणि त्याची मजुरी वेगळीच. खोली अजमावताना सुकाणू किंवा पंखा वाळूत रुतला तर दुरुस्तीचा खर्च येतो, आणि वारा फिरला तर जिवावर बेतते. हे सगळे टळते, मग ते एका हंगामापुरते का असेना. ज्या कामाचे फळ हंगामभर मिळते, ते पुन्हा करावे लागते एवढ्यावरून त्याला निष्फळ कसे म्हणायचे? नौकेचा तळ दरवर्षी खरवडून रंगवावा लागतो, म्हणून रंगवणे फुकट गेले असे कोणी म्हणत नाही.

लेख मुंबईत वाढलेली मुले वाचणार आहेत. त्यांना असे वाटायला नको की आपल्या गावचे लोक दरवर्षी पैसे पाण्यात घालतात. लाटांना अडवणारा बंधारा नसेल तर वाळू लवकर परत येते, नुसता उपसा पुरत नाही, हे जरूर लिहावे. ती तक्रार रास्त आहे. पण ‘पुरत नाही’ आणि ‘व्यर्थ आहे’ यांत फरक आहे, आणि वाक्प्रचाराच्या मोहात तो पुसला जाऊ नये.

जाता जाता, मी काही वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे, म्हणून एक भर घालतो. शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश खलाशांना प्रवासाआधी महिन्याभराचा पगार आगाऊ मिळे आणि तो बंदरातच उडवला जाई. मग पहिला महिना फुकट राबल्यासारखे वाटे. त्या महिन्याच्या कामाला ते ‘डेड हॉर्स’ म्हणत. महिना संपला की पेंढा भरलेला कापडी घोडा दोराने वर चढवून, गाणी म्हणत समुद्रात सोडून देत. आमच्याकडे खलाशांना हंगामाआधी उचल दिली जाते आणि ती फिटेपर्यंतचे दिवस असेच जातात, त्यामुळे मला ते लगेच समजले. मात्र हा घोडा आणि चाबकाचा घोडा वेगळे आहेत. इंटरनेटवर दोघांची एकच वंशावळ सांगितलेली आढळते, तेव्हा लेखात टीप देणार असाल तर जपून.

---

शब्दांची होडी (वेंगुर्ले)

मी भाषांतराचे काम करते. हर्णैच्या दादांनी ज्या प्रकारच्या कामाचे वर्णन केले, म्हणजे कधीच न संपणारे परंतु आवश्यक काम, त्यासाठी ब्रिटिश इंग्रजीत एक स्वतंत्र वाक्प्रचार आहे: ‘पेंटिंग द फोर्थ ब्रिज’. स्कॉटलंडमधील फोर्थ खाडीवरचा हा पोलादी रेल्वेपूल १८९० मध्ये सुरू झाला. तो इतका अवाढव्य आहे की एका टोकापासून रंगवत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाचा रंग उडालेला असतो, अशी आख्यायिका आहे. खारा वारा पोलादाचे काय करतो ते आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. या वाक्प्रचारात काम व्यर्थ असल्याची छटा नाही. रंग दिला नाही तर पूल गंजेल हे त्यात गृहीत आहे. गंमत अशी की २०११ मध्ये संपूर्ण पुलाला नव्या प्रकारचा, निदान पंचवीस वर्षे टिकेल असा लेप देऊन झाला, आणि न संपणारे काम निदान तेवढ्या काळापुरते संपले. तरीही वाक्प्रचार चालू आहे.

असे असले तरी आपल्या स्मरणिकेत मी तो वापरणार नाही. अंधेरी किंवा डोंबिवलीत वाढलेल्या मुलाला फोर्थचा पूल ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे. वाक्प्रचार समजावून सांगण्यासाठी आणखी एक वाक्य खर्ची पडणार असेल, तर तो न वापरलेलाच बरा. तेथे साधे वाक्य लिहावे: ‘द चॅनेल हॅज टु बी क्लिअर्ड अफ्रेश एव्हरी यर.’ दरवर्षी मार्ग नव्याने मोकळा करावा लागतो, एवढेच. यात कोणाचा उपहास नाही आणि माहिती पूर्ण आहे.

आता न्यूकॅसलच्या कोळशाविषयी. टाइन नदीवरचे न्यूकॅसल हे कित्येक शतके कोळशाचे मोठे बंदर होते आणि लंडनच्या चुली तेथून समुद्रमार्गे येणाऱ्या कोळशावर पेटत. तेथे कोळसा घेऊन जाणे म्हणजे जिथे जे मुबलक आहे तिथे तेच नेणे. थॉमस फुलर यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या म्हणीची नोंद घेतली आहे, म्हणजे ती त्याआधीच रुळलेली होती. प्राचीन ग्रीक लोक याच अर्थाने ‘अथेन्सला घुबडे नेणे’ असे म्हणत, कारण घुबड हा अथेन्सच्या देवतेचा पक्षी होता आणि तेथील चांदीच्या नाण्यांवरही तो असे. येथे व्यर्थतेचे कारण ‘आधीच भरपूर आहे’ हे आहे. आपल्या लेखातील दोन्ही दुखण्यांत कशाचीच मुबलकता नाही, असलीच तर वाळूची. त्यामुळे हा वाक्प्रचार तेथे कामाचा नाही.

‘देवगडला आंबे नेणे’ हे इंग्रजीत लिहिता येईल का, हा प्रश्न मात्र मला फार आवडला. इंग्रजी वाचक या साच्याला सरावलेला आहे. अमुक वस्तू तमुक गावाला नेणे असे लिहिले की मूळ म्हण त्याच्या मनात आपोआप जागी होते, आणि लेखक मंडळी गावे बदलून तो साचा खुशाल वापरतात. अट एवढीच की वस्तूचे आणि गावाचे नाते वाचकाला आधी ठाऊक असावे. आपले वाचक कोकणातल्याच घरांतील असल्याने ‘कॅरिंग मँगोज टु देवगड’ त्यांना लगेच पोहोचेल, आणि न्यूकॅसलपेक्षा जवळचेही वाटेल. तोच लेख लंडनच्या मासिकाला पाठवलात तर देवगड म्हणजे काय हे आधी दोन ओळींत सांगून ठेवावे लागेल. वाक्यात क्रियापद ‘कॅरी’ किंवा ‘टेक’ ठेवावे. ‘सेलिंग’ घातले की साचा मोडतो, कारण विकण्यात नफ्याची शक्यता डोकावते.

मास्तरांच्या ‘कारण वेगळे’ या सूत्राला मराठीतूनही पुष्टी मिळते. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हटले की ऐकणारा काही आत घेत नाही हे कळते. ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ म्हटले की काम पार पडले, पण हाती क्षुल्लक आले. ‘बैल गेला नि झोपा केला’ म्हटले की शहाणपण उशिरा सुचले. हे शेवटचे इंग्रजीतील ‘घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावणे’ याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणून सावध राहावे लागते, कारण तिथेही घोडा आहे आणि इथेही घोडा आहे. पळालेल्या घोड्याचा वाक्प्रचार खबरदारीविषयी आहे, मेलेल्या घोड्याचा हट्टाविषयी. भाषांतराच्या कामात या दोन घोड्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. खारबंधाऱ्याची दुरुस्ती शेत बुडाल्यानंतर मंजूर झाली असती, तर तेथे तबेल्याचे दार शोभले असते.

संदर्भ तुटला की अर्थ कसा उलटतो याचे आपल्याकडील उदाहरण म्हणजे वामन पंडितांची ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ. शाळांच्या भिंतींवर ती उद्योगाचे स्तोत्र म्हणून रंगवलेली असते. भर्तृहरीच्या ज्या श्लोकाचे ते मराठी रूप आहे, त्यात मात्र सांगायचे आहे ते असे की एक वेळ वाळूतूनही तेल निघेल, पण हटवादी मूर्खाचे मन वळवता येणार नाही. म्हणजे श्लोक व्यर्थ प्रयत्नाविषयी आहे आणि आपण तो यशस्वी प्रयत्नाविषयी समजून चालतो.

---

उघाडी (अलिबाग)

दुसऱ्या परिच्छेदाविषयी कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मी लिहीत आहे. आमच्या तालुक्यात खारबंधाऱ्यांचा प्रश्न घरोघरी आहे आणि मी स्वतः अशा जमिनीच्या कागदपत्रांत बरीच गुंतले आहे.

आपण लिहिले आहे की खातेदार ‘अर्ज करीतच आहेत’. प्रश्न असा की ते नेमके काय मागत आहेत? माझ्या पाहण्यात अशा अर्जांत बहुधा दोन मागण्या एकाच कागदावर असतात. एक, बंधारा बांधून जमीन पुन्हा लागवडीखाली आणून द्यावी. दुसरी, बंधाऱ्याची देखभाल न झाल्याने जमीन गेली, म्हणून भरपाई द्यावी. जिथे कांदळवन दाट वाढले आहे तिथे पहिली मागणी खरोखरच संपल्यात जमा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आहे आणि कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातील बांधकामालाही. जमीन खाजगी मालकीची आहे म्हणून सूट मिळत नाही. तिथे मेलेला घोडा म्हणा, हरकत नाही. दुसरी मागणी मात्र जिवंत आहे. खारभूमी विकासासाठी महाराष्ट्रात १९७९ चा कायदा आहे, बंधारा कोणाच्या ताब्यात होता आणि दुरुस्ती का झाली नाही हे विचारता येते, आणि ज्याची जमीन गेली त्याने ते विचारत राहणे हा हट्ट नव्हे.

म्हणून सरसकट सर्व अर्जदारांना हा वाक्प्रचार लावलात तर तो अन्याय होईल. शिवाय या वाक्प्रचारात बोलणाऱ्याचा निवाडा असतो. ‘मला कळले आहे, त्यांना अजून कळत नाही’ असा सूर त्यात येतोच. स्मरणिका त्या खातेदारांच्या नातवंडांच्या हातात पडणार आहे. आजोबा मेलेल्या घोड्याला चाबूक मारीत बसले आहेत असे त्यांनी इंग्रजीत वाचावे, हे मला स्वतःला रुचत नाही.

निवेदनात तर तो मुळीच नको. शासकीय निवेदन करणारा आपण स्वतः असतो. आपणच आपल्या मागणीला मेलेला घोडा म्हटले तर पुढे वाचण्याचे कारणच उरत नाही, आणि समोरच्या कार्यालयाला उद्देशून म्हटले तर तो उपमर्द होतो. तेथे ‘टु नो अव्हेल’ (‘पण उपयोग झाला नाही’) ही रचना वापरावी: ‘रिपीटेड रिप्रेझेंटेशन्स हॅव बीन मेड टु नो अव्हेल.’ त्याच्या आधी मात्र प्रत्येक अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक द्यावा. कार्यालयात वाक्यापेक्षा आवक क्रमांक अधिक वाचला जातो.

---

खाडीकाठची (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. अलिबागच्या ताईंचा प्रश्न वाचून मी अर्जांच्या प्रती मागवून घेतल्या. दोन्ही मागण्या आहेत, आणि अलीकडच्या अर्जांत भरपाईचीच मागणी ठळक आहे.

आता मजकूर असा करीत आहे. गाळाच्या परिच्छेदात वाक्प्रचार नाही. दरवर्षी मार्ग मोकळा करावा लागतो आणि लाटरोधक बंधाऱ्याशिवाय नुसता उपसा पुरत नाही, अशी दोन साधी वाक्ये आहेत. भांगाच्या दिवसांत बाहेर थांबलेल्या नौकेचे वर्णन हर्णैच्या दादांच्या परवानगीने त्यांच्या मजकुरावरून वाढवत आहे. खारबंधाऱ्याच्या परिच्छेदात मेलेला घोडा ठेवला आहे, परंतु तो गावातील एका वृद्ध खातेदारांच्या तोंडी. त्यांनी मला स्वतःहून मालवणीत सांगितले होते की शेत आता परत येणार नाही हे त्यांना ठाऊक आहे आणि पैशांचे काय ते सरकारने बोलावे. त्यांच्या बोलण्याचा इंग्रजी अनुवाद मी असा केला आहे: ‘आय नो आय वुड बी फ्लॉगिंग अ डेड हॉर्स इफ आय आस्क्ड फॉर द फील्ड. आय आस्क फॉर द मनी.’ निवाडा त्यांचा स्वतःचा असल्यामुळे उपहासाचा सूर येत नाही, असे मला वाटते. देवगडचे आंबे या लेखात बसत नाहीत, ते संपादकीयासाठी राखून ठेवले आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. ‘टु नो अव्हेल’ आणि ‘ऑफ नो अव्हेल’ या दोन्ही रचना मला आढळल्या, त्यांत फरक काय? आणि निवेदनात ‘इन व्हेन’ (‘व्यर्थ’) चालेल का?

---

निवृत्त मास्तर (दापोली)

खातेदारांच्या तोंडचे वाक्य उत्तम उतरले आहे, त्याला हात लावू नये. ‘वुड बी’ आणि ‘इफ आय आस्क्ड’ यांची सांगडही बरोबर आहे. फक्त मूळ मालवणी वाक्य मराठी विभागात छापावे, म्हणजे अनुवाद कोणाला पडताळून पाहता येईल.

‘टु नो अव्हेल’ हे क्रियेनंतर येते. काही केले, आणि उपयोग झाला नाही, अशा क्रमाने. ‘ऑफ नो अव्हेल’ हे ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅव बीन’ अशा क्रियापदांनंतर विधेय म्हणून येते. ‘अर्ज निरुपयोगी ठरले’ असे म्हणायचे असेल तर ‘द अॅप्लिकेशन्स वेअर ऑफ नो अव्हेल’, आणि ‘अर्ज केले, पण उपयोग झाला नाही’ असे म्हणायचे असेल तर ‘टु’. अलिबागच्या ताईंच्या वाक्यात ‘मेड’ हे क्रियापद असल्याने तेथे ‘टु’ योग्यच आहे.

‘इन व्हेन’ व्याकरणाने चालेल, परंतु त्याला किंचित करुण, काव्यात्म छटा आहे. हरवलेल्या माणसाचा शोध घेतला, वाट पाहिली, विनवणी केली, अशा ठिकाणी ते शोभते. निवेदनात ‘टु नो अव्हेल’ अधिक कोरडे आणि म्हणून अधिक योग्य. आणखी एक पाहून घ्यावे: त्याच निवेदनात खाली ‘भरपाईचा लाभ घेणे’ या अर्थाने ‘अव्हेल’ क्रियापद आले असेल, तर प्रमाण इंग्रजीत ते ‘अव्हेल वनसेल्फ ऑफ’ असे लिहितात. आपल्याकडच्या कार्यालयीन इंग्रजीत नुसते ‘अव्हेल द बेनिफिट’ सर्रास चालते आणि त्यावरून कोणी अर्ज परत पाठवत नाही, परंतु एकाच पानावर ‘अव्हेल’ दोन अर्थांनी येणे टाळता आले तर टाळावे. तेथे ‘रिसीव्ह’ लिहिले तरी काम भागते.